अंतराळात जायचंय, पण टेबलावरचे बाकीचे तयार नाहीत

पत्र थोडक्यात: एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. चार मित्रमैत्रिणींच्या गटासाठी त्या बऱ्याच वर्षांपासून डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवतात, म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र (कॅरेक्टर) होऊन, फाशांच्या मदतीने गोष्ट पुढे नेण्याचा रोलप्लेइंग खेळ. गेम मास्टर, म्हणजे गोष्ट रचणारी आणि नियम सांभाळणारी व्यक्ती, कायम त्याच. विज्ञानकथा हे त्यांचं जुनं प्रेम, आणि आता ड्रॅगन, तळघरं, जादूच्या तलवारी यांचा त्यांना कंटाळा आलाय. स्वतंत्र डिझायनर्सचे साय-फाय रोलप्लेइंग गेम्स सेलमधून, बंडलमधून घेत घेत शंभराच्या आसपास पीडीएफ जमल्या. पूर्ण वाचून झाल्या फक्त तीन. गटात विषय काढला तेव्हा एक जण म्हणाला, "पुन्हा नवे नियम पाठ करायचे?" दुसरी म्हणाली, "मला फिजिक्स कधीच जमलं नाही, मी तिथे बोलणार काय?" तिसऱ्याने विचारलं, "आत्ता? कॅरेक्टर वाढत वाढत बाराव्या लेव्हलला आल्यावर?" चौथी काहीच बोलली नाही. दरम्यान पत्रलेखिकेने स्वतःची एक आकाशगंगा रचायला घेतली, ती चार ग्रहांवर अडकून पडली आहे. त्यांचे प्रश्न असे: सुरुवात नेमकी कोणत्या गेमने करू? त्याआधी विज्ञान किती वाचू? आणि गट तयार होतच नसेल तर दुसरा गट शोधणं ही या लोकांशी गद्दारी होईल का?

*

तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत, आणि तुम्ही त्या एकच समजून लिहिल्या आहेत. पहिली उघड आहे: ड्रॅगनचा कंटाळा. दुसरी पत्राच्या मधोमध एका वाक्यात येऊन जाते. तुम्ही लिहिता, "शनिवार माझा तयारीत जातो, मग संध्याकाळी ते येतात आणि खेळतात." या वाक्यातल्या खेळणाऱ्यांत तुम्ही स्वतः कुठेच नाही. कंटाळा ड्रॅगनचा आहे की एकटीने राबण्याचा, हे आधी तपासून बघा. कारण दुसरं खरं असेल तर अंतराळात जाऊन काही सुटणार नाही. तळघरांच्या जागी अंतराळस्थानकं आखत बसाल, एवढाच फरक. चार ग्रहांवर अडकलेली तुमची आकाशगंगा मला तरी हेच सांगते.

म्हणून "कोणता गेम" या प्रश्नाआधी माझा प्रश्न: टेबलावरचं कोणतं काम तुम्हाला अजूनही आवडतं, आणि कोणतं आता नको झालंय? स्वतंत्र डिझायनर्सचे गेम एकमेकांपासून वेगळे पडतात ते यानांच्या किंवा परग्रहवासीयांच्या वर्णनांत नव्हे. गोष्ट कोण रचणार, जग कोण उभं करणार, नियम कोणी लक्षात ठेवायचे, पुढे काय होणार हे कोणाला आधीच माहीत असणार, या कामांची वाटणी प्रत्येक जण निराळी करतो. तुमच्या शंभर पीडीएफ या एकाच चाळणीतून काढल्या तरी यादी झपाट्याने लहान होईल.

आधी आकाशगंगेचं बघू. साय-फाय खेळायचं तर आधी संपूर्ण विश्व हवं, ही समजूत तुमच्या एकट्याची नाही. पुष्कळ चांगले गेम मास्टर तिच्यापायी सुरुवातच करत नाहीत. पण या प्रकाराचा इतिहास वेगळं सांगतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आला, आणि दोनच वर्षांत, १९७६ मध्ये, जेम्स वॉर्ड यांचा 'मेटामॉर्फोसिस अल्फा'. त्यात अख्खं विश्व म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करणारं एक भरकटलेलं यान. १९७७ मध्ये मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' तीन छोट्या काळ्या पुस्तिकांत आला. पुढे त्याच्याभोवती भलंमोठं साम्राज्य उभं राहिलं, पण त्या पहिल्या पुस्तिकांत तयार विश्व नव्हतंच. होती ती विश्व घडवायची रीत: षट्कोनी घरांचा आठ बाय दहाचा तक्ता घ्यायचा, दर घरासाठी फासा टाकायचा, चार किंवा जास्त आलं तर तिथे जग आहे. मग त्या जगाचा आकार, वातावरण, पाणी, लोकसंख्या, राज्यपद्धत, कायद्याचा जाच, सगळं फाशांवर. आलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत तिथे गोष्ट सुरू होते. हवा विषारी आणि लोकसंख्या कोट्यवधींत, असं आलं तर टेबलावरचा कोणीतरी विचारणारच, हे लोक इथे राहतात तरी का?

हीच रीत आज हवी असेल तर केव्हिन क्रॉफर्ड यांचा 'स्टार्स विदाउट नंबर' बघा. पहिली आवृत्ती २०१० ची. सुधारित आवृत्तीचं मोफत रूपही आहे, आणि ते चव दाखवण्यापुरतं नाही, चांगलं जाडजूड आहे. त्यात प्रत्येक जगाला दोन टॅग, म्हणजे त्याची ओळख सांगणाऱ्या चिठ्ठ्या, मिळतात. समजा एका ग्रहाला 'उडती शहरं' आणि 'तीर्थक्षेत्र' असे दोन आले. एवढ्यावर माझ्या डोक्यात भाविकांना वर नेणाऱ्या यानांचं भाडं कोण ठरवतं इथपासून प्रश्न सुरू होतात. तुमचे चार ग्रह घ्या, प्रत्येकावर दोन टॅग टाका आणि थांबा. पाचवा ग्रह करू नका. गट तिथवर पोचेल तेव्हा बघता येईल. बहुतेक गट पहिल्याच ग्रहावर एखाद्या भंगारवाल्याशी वाद घालण्यात दोन सेशन काढतात.

आता तुमच्या मित्राची हरकत, "पुन्हा नवे नियम?" तिला मी टाकाऊ म्हणणार नाही. तुमचा गट ज्या गेमवर वाढला त्याची रूलबुकं शेकडो पानांची आहेत. तो पल्ला पुन्हा गाठायचा या कल्पनेने कोणीही दमेल. पण स्वतंत्र गेम म्हणजे तशाच आकाराचं आणखी एक पुस्तक, हे त्याने गृहीत धरलंय, आणि तुम्हीही त्याला तसं धरू दिलंत. यातले कित्येक गेम एकदोन माणसांनी लिहिलेले असतात, एका विशिष्ट तऱ्हेच्या संध्याकाळसाठी. जे त्या संध्याकाळी लागत नाही ते पुस्तकात नसतं.

जॉन हार्पर यांचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' घ्या. २०१३ चा, मोफत, एका पानात संपणारा. तुमच्या कॅरेक्टरला आकडा एकच, दोन ते पाचमधला. आकडा मोठा असेल तर तुम्ही लेझर्समध्ये तरबेज, म्हणजे यंत्रं, तर्क, थंड डोकं. लहान असेल तर फीलिंग्जमध्ये, म्हणजे माणसं, आवेग, मनधरणी. काही धोक्याचं करायचं झालं की सहा पैलूंचा एक फासा. त्या कामाची तयारी केली असेल तर आणखी एक. कामात निष्णात असाल तर अजून एक. लेझर्सचं काम असेल तर आकड्याच्या खाली यायचं, फीलिंग्जचं असेल तर वर. एकही फासा लागला नाही तर फिसकटलं. एक लागला तर काम झालं पण काहीतरी झेंगट मागे लागलं. दोन लागले तर छान जमलं. तिन्ही लागले तर वर काहीतरी जादाचं पदरात. आणि फासा तुमच्या आकड्यावरच येऊन थांबला तर गेम मास्टरला एक प्रश्न विचारायचा, त्याचं खरं उत्तर मिळतं. झाले नियम. यानाला दोन जमेच्या बाजू आणि एक दुखणं सगळ्यांनी मिळून निवडायचं. कॅप्टन बेशुद्ध पडलाय, त्यामुळे निर्णय तुमच्यावर. संकट कोणतं, ते काय करू पाहतंय, त्याने काय होईल, हेही त्याच पानावरच्या तक्त्यांतून फाशांनी काढता येतं. शनिवार सकाळ मोकळी.

मित्राला हे समजावून सांगू नका, पान हातात द्या. हा गेम वर्षभर खेळण्यासारखा आहे असं मी म्हणत नाही. तीन-चार बैठकांत तो विरळ वाटू लागतो, निदान मला वाटतो. पण "नवीन गेम म्हणजे महिनाभराची शिकवणी" ही भीती अर्ध्या तासात जाते, आणि आत्ता तुम्हाला तेवढंच हवंय.

फिजिक्सवाल्या मैत्रिणीची हरकत मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, कारण तुमचा दुसरा प्रश्नही त्याच भीतीतून आलाय. विज्ञान किती वाचू? माझं उत्तर: एका सेशनला एक गोष्ट. पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये रेडिओ संदेशाला एका बाजूने साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, दोन्ही ग्रह कुठे आहेत त्यावर अवलंबून. हे एकच सत्य टेबलावर काटेकोरपणे पाळा. मदत मागितली तर उत्तर यायला पाऊण तासही जाऊ शकतो. तोवर तळावरच्या माणसांनी स्वतः ठरवायचं. एवढ्यावर अख्खी संध्याकाळ उभी राहते, आणि ती समजायला भागाकारही येण्याची गरज नाही. दहा गोष्टी अर्धवट वापरण्यापेक्षा हे बरं. (खरा धोका ज्याला फिजिक्स येतं त्याचा असतो. तो दर दहा मिनिटांनी खेळ थांबवून निर्वात पोकळीत आवाज ऐकू येत नाही हे सांगतो. असा कोणी तुमच्या गटात नाही, हे नशीब समजा.)

दुसरं म्हणजे, विज्ञानकथेचा प्रश्न बहुधा माणसांबद्दल असतो, आणि स्वतंत्र डिझायनर्सनी हे फार आधी ओळखलं. जोशुआ ए. सी. न्यूमन यांचा २००६ चा 'शॉक' स्वतःला उघडच सामाजिक विज्ञानकथेचा गेम म्हणवतो. त्यात खेळणारे जगातला एखादा मोठा बदल निवडतात आणि शेजारी स्वतःला अस्वस्थ करणारे सामाजिक प्रश्न मांडतात. समजा, मेलेल्या माणसाची स्मृती जपून ठेवता येते, हा बदल. वारसाहक्क आणि एकटेपणा हे प्रश्न. प्रत्येक प्रमुख पात्र एका बदलाच्या आणि एका प्रश्नाच्या छेदावर जन्माला येतं. आता सांगा, इथे तुमच्या मैत्रिणीला बोलायला काय कमी पडेल?

'मदरशिप'चंही तसंच. शॉन मॅकॉय यांचा हा भयकथेचा गेम २०१८ मध्ये आला, नवी आवृत्ती २०२४ मध्ये लोकांच्या हातात पडली. त्यात तुम्ही वीर नसता. तुम्ही टीमस्टर, म्हणजे यानावर अंगमेहनतीची कामं करणारे, किंवा शास्त्रज्ञ, अँड्रॉइड (माणसासारखा यंत्रमानव) नाहीतर मरीन (सैनिक) असता. बहुतेक वेळा कोणाच्या तरी पगारावर, अशा जागी जिथे पगार देणाऱ्याला तुमच्यापेक्षा मालाची काळजी जास्त. फासा फसला की स्ट्रेस एकाने वाढतो. घाबरण्याची वेळ आली की वीस पैलूंचा फासा टाकायचा आणि तो स्ट्रेसच्या वर आला पाहिजे. नाही आला तर पॅनिकच्या तक्त्यात जे निघेल ते. सुरुवातीला स्ट्रेस असतो दोन, म्हणजे पॅनिकची शक्यता दहात एक. तो दहावर पोचला की दोनात एक. टेबलावर हे चढताना दिसतं, लोक नकळत हळू आवाजात बोलायला लागतात, आणि कक्षेचं गणित कोणी विचारत नाही. दार बंद होतंय का, एवढंच सगळ्यांना जाणून घ्यायचं असतं.

तुम्हाला गेम मास्टरचं काम अजूनही आवडत असेल, फक्त तयारीचा भार नको असेल, तर माझं मत मदरशिपला. एक कारण त्याचे नियम, दुसरं त्याची साहसं. यातली बरीच एका कागदाची तिपदरी घडी घालून होणाऱ्या पत्रकाच्या आकारात मिळतात. 'द हॉन्टिंग ऑफ इप्सिलॉन १४' हे त्यातलं सुरुवातीला चालवायला सोपं: एक खाणतळ, मोजकी माणसं, आणि खाली काहीतरी. चहा पिता पिता वाचून होतं. खेळाडूंच्या नियमांची पीडीएफ मोफत आहे.

मात्र त्याआधी गटाशी पाच मिनिटं बोला. जुने मित्र हे टाळतात, कारण आपण एकमेकांना ओळखतो असं सगळ्यांना वाटत असतं. पण कोंडून राहणं, श्वास कमी पडणं, शरीरात दुसऱ्या कशाने तरी शिरणं, हा या प्रकाराचा नेहमीचा माल आहे, आणि तळघरातल्या सांगाड्यांशी लढताना तो कधी समोर आलेला नसतो. कोणत्या गोष्टी खेळात मुळीच नकोत आणि कोणत्या पडद्याआड ठेवायच्या, हे आधी ठरवून घ्या. मध्येच कोणी थांबा म्हटलं तर कारण न विचारता पुढे सरकायचं, यासाठी जॉन स्टाव्हरोपूलोस यांचं एक्स-कार्ड पुष्कळ गट वापरतात: टेबलावर एक चिठ्ठी, तिच्यावर बोट ठेवलं की विषय बदलला.

आणि गेम मास्टरचं कामच नको झालं असेल तर? मग बेन रॉबिन्स यांचा 'मायक्रोस्कोप', २०११ चा. त्यात गेम मास्टर नसतोच. एका मोठ्या इतिहासाची सुरुवात आणि शेवट सगळे मिळून आधीच ठरवतात, उदाहरणार्थ पहिलं यान निघालं इथपासून शेवटची वसाहत ओस पडली इथपर्यंत. या जगात काय चालेल आणि काय चालणार नाही याची एक यादी होते. मग आळीपाळीने प्रत्येक जण मधले कालखंड, घटना, प्रसंग भरतो, कोणत्याही क्रमाने. शेवट माहीत असल्याने मधलं उलट जास्त रंगतं. तुमची अडकलेली आकाशगंगा सोडवायला यासारखा उपाय नाही. फक्त तुम्हाला ती दुसऱ्यांच्या हातात द्यावी लागेल. कोणीतरी तुमचा लाडका ग्रह तिसऱ्याच वळणावर उद्ध्वस्त करेल आणि नियमांप्रमाणे तुम्हाला त्यावर काही बोलता येणार नाही. ते सोसवेल का, हे आधी स्वतःला विचारून बघा. हा गेम दोन ते चार जणांसाठी आहे, तुम्ही पाच जण आहात, हे ध्यानात ठेवा. त्याकडे मी पुन्हा येते.

एक सूचना तुम्हाला अनपेक्षित वाटेल: गटाला काहीही विचारण्याआधी एकटीने खेळा. ताकुमा ओकादा यांचा 'अलोन अमंग द स्टार्स' जेमतेम पान-दोन पानांचा आहे. पत्त्यांचा कॅट, एक फासा, एक वही. ग्रहावर उतरायचं, फाशाने किती पत्ते ओढायचे ते ठरतं, पत्ते काय दिसलं आणि कुठे दिसलं ते सांगतात, तुम्ही ते लिहून काढायचं. कोणी वाट बघत नाही, कोणाला करमवायचं नाही. याच्या अगदी उलट स्वभावाचा क्रिस बिसेट यांचा 'द रेचेड': यानावर उरलेली शेवटची व्यक्ती तुम्ही, बाहेर काहीतरी आत यायची वाट बघतंय, पत्ते एकेक संकट आणतात, तुम्ही तुमची रोजनिशी आवाजात रेकॉर्ड करायची, आणि मध्ये मध्ये लाकडी ठोकळ्यांच्या मनोऱ्यातून एक ठोकळा काढायचा. मनोरा पडला की तुम्ही संपलात. नियमांचा थोडा भरणा हवा असेल तर शॉन टॉमकिन यांचा 'स्टारफोर्ज्ड', २०२२ चा: तुमचा सहा पैलूंचा फासा अधिक गुण, समोर दहा पैलूंचे दोन फासे, दोन्हींना हरवलंत तर पूर्ण यश, एकाला हरवलंत तर अर्धं. पुढे काय घडतं हे गेम मास्टरऐवजी ओरॅकलच्या, म्हणजे फासा टाकून उत्तर देणाऱ्या, तक्त्यांना विचारायचं. तोच गेम दोघा-तिघांना गेम मास्टरशिवायही खेळता येतो.

एकटीने खेळण्यातून तुम्हाला तुमच्या पहिल्या तक्रारीचं उत्तर मिळेल. दोन-तीन संध्याकाळी यात रमलात तर भूक खरंच विज्ञानकथेची होती. खेळून नुसतंच मोकळं वाटलं आणि पुन्हा वही उघडावीशी वाटली नाही, तर हवी होती ती विश्रांती. मग गटात दुसऱ्या कोणीतरी काही महिने गेम मास्टर व्हायचं, मग खेळ ड्रॅगनचाच का असेना, हा उपाय जास्त सरळ आहे.

आता गट. तुम्ही लिहिता की गटाला बदल नकोय. मला तुमच्या पत्रात तसं दिसलं नाही. तिघांच्या तीन हरकती तीन निराळ्या गोष्टींबद्दल आहेत, आणि पहिल्या दोघांना वर उत्तर मिळालं. तिसऱ्याला, बाराव्या लेव्हलवाल्याला, वेगळीच चिंता आहे: तुम्ही त्याचं कॅरेक्टर बंद करायला निघालात असं त्याला वाटतंय. तुम्ही विचारलंत "आपण साय-फायकडे वळूया का?" हा विचारता येण्याजोगा सगळ्यात मोठा प्रश्न होता. एवढी वर्षं जिवंत ठेवलेल्या कॅरेक्टरचा मालक त्याला हो कसं म्हणेल? एका संध्याकाळची परवानगी मागा. शक्यतो अशी संध्याकाळ, जेव्हा पाचातला एक जण येऊ शकत नाही आणि नेहमीचं कॅम्पेन, म्हणजे तुमची सलग चाललेली गोष्ट, तसंही अडणार आहे. चार जण, एक रात्र, मायक्रोस्कोप नाहीतर ते एक पान. आणि तो निरोप पाठवताना त्याच निरोपात नेहमीच्या कॅम्पेनची पुढची तारीखही लिहा. जोडीला हेही ओळखा की या माणसाला कॅरेक्टर घडवण्यात, लढाईच्या डावपेचांत रस आहे. एकपानी गेम त्याला पोरखेळ वाटण्याची शक्यता आहे, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. त्याच्यासाठी मागाहून 'लॅन्सर' ठेवा: मिगेल लोपेझ आणि टॉम पार्किन्सन-मॉर्गन यांचा, अवाढव्य मेक, म्हणजे आत बसून चालवायचे लढाऊ यंत्रमानव, चालवणाऱ्या पायलट्सचा गेम. चौकटींच्या पटावरची कसून लढाई, सुट्या भागांची न संपणारी जुळवाजुळव, आणि खेळाडूंना लागणारं सगळं साहित्य मोफत. पहिल्या रात्रीसाठी मात्र तो अजिबात नको.

जी चौथी गप्प बसली, तिला एकटीला विचारा. सगळ्यांसमोर नको. गप्प बसणाऱ्यांना विरोध असतो असं आपण धरून चालतो. कधी कधी त्यांना चालवायचं असतं आणि कोणी विचारलेलं नसतं. एका पानाचा गेम पहिल्यांदा गेम मास्टर होणाऱ्याला फार सोयीचा असतो. ती हो म्हणाली तर त्या रात्री तुम्ही पायलट व्हा, इंजिनीअर व्हा, आणि नियमांत तिला दुरुस्त करायचा मोह आवरा.

शंभर पीडीएफचं ओझं वाटतंय, ते सोडून द्या. २०२० च्या जूनमध्ये इच डॉट आयओ या स्वतंत्र गेम्स विकणाऱ्या साइटवर वांशिक न्यायासाठी निघालेल्या एकाच बंडलमध्ये १,७०० हून जास्त गोष्टी होत्या. तो घेतलेल्या लाखो लोकांपैकी कोणी सगळं वाचलं असेल असं मला वाटत नाही. चाळायचंच असेल तर जगाची वर्णनं आणि प्रस्तावना वगळून थेट कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती भरायचा कागद, उघडा. त्या गेमला कशाची पर्वा आहे ते तिथे दिसतं: स्ट्रेसचे चौकोन आहेत, की कर्जाची रक्कम, की नातेसंबंधांची ओळ? मग गेम मास्टरसाठीचं पान बघा, तुमच्याकडून किती काम मागतोय ते कळेल. या दोन पानांत मन बसलं नाही तर पीडीएफ बंद. आणि एक तरी गेम खेळून होईपर्यंत नवी खरेदी नको. ज्यांना पैशांची अडचण आहे अशा वाचकांसाठी: बरेच डिझायनर इच डॉट आयओवर अडचणीतल्या लोकांसाठी काही प्रती (कम्युनिटी कॉपी) मोफत ठेवतात, त्या संकोच न करता घ्या. ज्यांना परवडतं त्यांनी आवडलेल्या गेमचे पैसे जरूर द्यावेत; समोर एकटादुकटा माणूसच असतो.

राहिली गद्दारी. एका गटाबरोबर एक गेम आणि दुसऱ्या गटाबरोबर दुसरा, असं असंख्य लोक करतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. पण आत्ताच्या स्थितीत दुसरा गट शोधायला मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तिथेही तुम्ही पहिल्याच दिवशी गेम मास्टर व्हाल. या गटाने एकदा मनापासून खेळून बघितलं आणि तरी नको म्हटलं, तर खुशाल शोधा, आणि तेव्हा खेळाडू म्हणून जा. जुन्या गटाला लपवून काही करू नका. "महिन्यातून एकदा मी दुसरीकडे खेळायला जाते" हे वाक्य तुम्हाला आत्ता वाटतंय तेवढं जड नाही.

पहिल्या रात्रीनंतर "आवडलं का?" असं विचारू नका. सगळे तुमच्यासाठी हो म्हणतील. विचारा, कुठे अडलं आणि पुन्हा करायचं तर काय वेगळं करू. आणि पुढच्या वेळी शंभरातला दुसरा गेम काढायची घाई न करता तोच पुन्हा खेळा. पहिल्या बैठकीत निम्मं लक्ष नियमांत जातं, दुसऱ्या बैठकीत माणसं आपल्या कॅरेक्टरच्या आवाजात बोलायला लागतात. गेम आपल्याला मानवतो की नाही, ते त्यानंतर ठरवा.